राणीचं गाणं आणि एरंडेल

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
१८ जानेवारी २०२५

चि. विजयेंद्र यास सीताआत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे जिवंत आहेत. तुझ्या नव्या अल्बमवरचं माझं मत मी आधी फोनवरच पाठवलं होतं. दोन मिनिटांत उत्तर आलं: चार लाल बदाम आणि ‘लव्ह यू ऑल’. मी तर एकटीच होते. तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी असे बदाम वाटत बसतं हे जननीने सांगितलं, म्हणून आता टपालाने लिहिते. जननी म्हणजे खालच्या मजल्यावरची मुलगी. तिच्याच फोनवर मी अकराही गाणी तीन-तीनदा ऐकली. शाळेच्या गॅदरिंगपासून तुझी पहिली चाहती मीच, तेव्हा खरं बोलायचा हक्क माझा.

पहिल्या गाण्यात इतके ढोल आहेत की खालच्या माळ्याचे नायडू भूकंप समजून बाहेर आले. दुसऱ्यात ‘बेबी’ हा शब्द एक्केचाळीस वेळा येतो. जननीने मोजले, मला तेवढा धीर नाही. चौथं गाणं कोळ्यांच्या दुःखावर आहे म्हणे, पण व्हिडिओत मासा एकदाच दिसतो आणि तुझ्या शर्टाची उघडी बटणं सारखी. आवाज तर इडलीच्या पिठासारखा दळून काढलाय, कण म्हणून राहिला नाही. आणि नाव ‘विजेन’? शेवटचा ‘द्र’ कुठे सांडलास? नववं गाणं मात्र आवडलं. त्यात नुसती खंजिरी आहे आणि वरच्या पट्टीत तुझा आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज मी ओळखते.

आता सातवं. तू टीव्हीवर सांगितलंस की हे अंगाईगीत तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या एका राणीने युवराजासाठी रचलं आणि तुला ते जुन्या पोथीत सापडलं. अरे, कसली पोथी? १९९६ साल. तू पाच वर्षांचा, तीन दिवस पोट अडलेलं. मागच्या ओसरीत पाटावर बसून भोकाड पसरलेलंस. एरंडेलाची वाटी मी आणून दिली आणि माझा अण्णा, तुझा बाप, कचेरीच्या कपड्यांतच मांडी घालून गायला लागला:

एक घोट एरंडेल, राज्य मोकळं होईल,
अडून बसला सरदार, किल्ल्याबाहेर येईल.

तू फक्त ‘एरंडेल’ काढून ‘सोमवेल’ घातलंस. प्राध्यापक नारायणस्वामींनी त्यावर पेपरात अर्धं पान लिहिलंय. त्यांच्या मते अडून बसलेला सरदार म्हणजे वेढ्यात सापडलेला सेनापती. विजू, तो सरदार कोण होता हे आपल्या मोरीला विचार.

अण्णाने गाणं एकदाच ऐकलं. पेपराची घडी घातली आणि म्हणाला, राणीने बरं लिहिलंय. दुपारी जेवला नाही.

माया आहे तशीच आहे, म्हणूनच जीभ सैल सोडली.

तुझी,
सीताआत्या

*

नीलांकरै
२५ जानेवारी २०२५

ती. सीताआत्यास विजयेंद्रचा सा. न. वि. वि.

मराठी लिहून दहा वर्षं झाली, चुका मोजू नकोस. सगळ्या पेपरांनी पाच-पाच तारे दिले. खोड फक्त तू काढलीस.

राणीची गोष्ट माझी नाही. कंपनीने विचारलं की या गाण्यामागे काय कथा आहे. मी एरंडेल सांगितलं तर खोलीत कोणी हसलंसुद्धा नाही. मग माझा मॅनेजर वादिराज म्हणाला की तुम्ही तंजावरकडचे मराठी, आणि तंजावर म्हटलं की राणी आलीच. मी गप्प राहिलो. नंतर एका मुलाखतीत माझ्याच तोंडून पोथी निघाली. पुढच्या मुलाखतीत पोथीला लाल रेशमी रुमाल आला. आता मागे कसं फिरू?

त्यात एक नवीन भानगड. जुन्या गीतांचं जतन करणारं एक मंडळ या गाण्याला पुरस्कार देतंय. नऊ फेब्रुवारीला मैलापूरला समारंभ आहे, अध्यक्ष नारायणस्वामी. त्यांना अप्पा, म्हणजे तुझा अण्णा, मंचावर हवेत. अप्पांनी दोनच वाक्यं बोलायची, की हे गाणं आजीकडून ऐकलं, आजीने तिच्या आजीकडून. माझी विचारायची हिंमत नाही. तू विचारशील? आणि समारंभात तू काही बोलू नकोस, प्लीज.

रागावलीस तरी दार उघडं ठेव.

तुझा,
विजयेंद्र

*

तिरुवल्लिकेणी
१ फेब्रुवारी २०२५

चि. विजयेंद्र यास अनेक आशीर्वाद.

चुका मोजल्या, सव्वीस. त्यातली सर्वांत मोठी शुद्धलेखनाची नाही.

विचारलं अण्णाला. मला वाटलं होतं, हा भडकेल. चौतीस वर्षं कचेरीत ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारण्यात गेलेला माणूस! अस्सल कागद समोर नसेल तर साहेबाच्या मेहुण्यालाही त्याने सही दिली नाही. त्यापायी तीनदा बदली झाली ती तुला आठवत असेल. पण हा भडकला नाही. म्हणाला की मुलाची अडचण असेल तर बोलतो. मग एवढंच विचारलं की एरंडेल का काढलं, मात्रांत बसत नव्हतं का.

तेव्हापासून तो ती दोन वाक्यं पाठ करतोय. आरशासमोर उभा राहतो, ‘माझ्या आजीने’ पर्यंत येतो आणि खोकतो. कागदावर उतरवतो, खोडतो. शब्द काय अवघड आहेत रे त्यात? विजू कण्णा, तू पोरगा मोठा नशीबवान. लोकांचे बाप पोरांसाठी खस्ता खातात, तुझा या वयात खोटं बोलायला शिकतोय.

मी येणार नाही. चिकुनगुन्याने गुडघे भोपळ्यासारखे सुजलेत. अण्णाला जननी घेऊन येईल. तेव्हा माझ्या तोंडाची भीती बाळगू नकोस. तुझं तोंड तेवढं सांभाळ.

जीव तुटतो, म्हणून लिहिते.

तुझी,
सीताआत्या

*

नीलांकरै
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सीताआत्यास सा. न. वि. वि.

जननी सांगत होती की अप्पांनी घरी येऊन तिथल्या केसरी शिऱ्यात तूप कमी होतं एवढंच सांगितलं. म्हणून बाकीचं मी लिहितो.

अप्पा इस्त्रीचं वेष्टी-धोतर नेसून आले होते. नारायणस्वामी वेढ्यात सापडलेल्या सेनापतीवर चाळीस मिनिटं बोलले. नकाशासुद्धा दाखवला. मग मला शाल घातली आणि अप्पांना माइकवर बोलावलं. त्यांनी खिशातून कागद काढला. माझ्या आजीने, असं म्हणाले आणि थांबले. परत म्हणाले, परत थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की अक्षर लागत नाही, चष्मा बदलायला हवा.

मी जाऊन कागद घेतला. आत्या, अक्षर छापल्यासारखं होतं.

त्यानंतर मी काय ठरवलं ते मला माहीत नाही. तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच निघालं. राणी नाही, पोथी नाही, गाणं यांचं आहे, माझं पोट साफ होत नव्हतं म्हणून यांनी केलं. मग मागच्या रांगेतून एक बाई हसल्या आणि सगळं सभागृह हशाने फुटलं. नारायणस्वामींनी विचारलं की मग सरदार कोण. मी सांगितलं. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि मागच्या दाराने गेले. पुरस्कार परत घेतला. शाल काढून घ्यायची की नाही यावर मंडळाच्या दोन सभासदांचं माझ्यासमोरच भांडण झालं.

आता फोनवर पोरं मला एरंडेल विजेन म्हणतात. कोइमतूर आणि मदुरैचे कार्यक्रम गेले. वादिराज बोलत नाही. कंपनी गाणंच काढून टाकणार होती. मी म्हटलं, काढायचं तर सगळा अल्बम काढा, आणि ठेवायचं तर ‘एरंडेल’ घालून पुन्हा गाईन, कवी म्हणून माझ्या वडिलांचं, राघोत्तम हे नाव द्या. दोन दिवस भांडून त्यांनी ऐकलं. अप्पांसाठी फॉर्म सोबत पाठवतोय.

लोक हसले त्याचं काही वाटलं नाही. पण मंचावर त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला, ते डोक्यातून जात नाही. गाडीत माफी मागायची होती. त्यांनी एसी कमी करायला सांगितला आणि मी तो कमी केला, एवढंच झालं. तू त्यांना सांगशील?

तुझ्या पायांना लवकर आराम पडो.

तुझा,
विजयेंद्र

*

तिरुवल्लिकेणी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. विजयेंद्र यास अप्पाचे आशीर्वाद.

तुझं सीतेला आलेलं पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि उत्तर तुझं तूच दे म्हणून पेन हातात दिलं. ती आता झोपली आहे.

फॉर्म भरून जोडला आहे. कवीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. लिहिताना बरं वाटलं, हे लपवत नाही. ‘रचनेचा हेतू’ या रकान्यात सीतेने ‘औषधी’ लिहायला सांगितलं. मी तो रकाना कोरा ठेवला. कारण खाली देतो.

तू मंचावर सांगितलंस ते सर्वस्वी खरं नाही. दोष तुझा नाही, तुला माहीत नव्हतं. एरंडेल तुझ्या पोटात एक थेंबही गेलं नाही. पहिल्याच ओळीला तुझं रडं थांबलं, दुसरीला तू इतका हसलास की पाटावरून पडलास आणि पुन्हा म्हणा म्हणालास. मी वाटी खिडकीबाहेर ओतली आणि पुन्हा म्हटलं. त्यानंतर दर शनिवारी सीता वाटी आणून द्यायची, मी दार लोटायचो आणि नवीन कडवं रचायचो. अशी नऊ झाली. पोट तुझं आपोआप सुधारलं असावं. तू हसावंस, एवढंच मला हवं होतं. याला फॉर्ममध्ये काय म्हणतात ते कळव, म्हणजे रकाना भरतो.

माफीचा विषय माझ्याकडून संपला. तुझ्या गाण्यात दोनच आहेत, उरलेली सात कडवी हवी असतील तर रविवारी ये. मी म्हणेन, तू लिहून घे. अक्षर नीट काढ.

एक बाब गोपनीय. त्या खिडकीखाली सीतेची मोगऱ्याची कुंडी होती. तो मोगरा का वाळला असेल, हे ती अजून विचारते. तिला कळवू नये.

तुझा,
अप्पा