वृत्तातलं छप्पर

१२ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर. अनिलने पुण्याहून फोनवर बजावलं: आबा, यंदा स्वयंपाकघर गळलं तर घाटनांदूरच्या घराला कुलूप, तुम्ही दोघं माझ्या फ्लॅटवर. त्याच्या आईने, म्हणजे वनमालाने, चक्क मान डोलावली! एकतीस वर्षं चौथीच्या वर्गाला कविता शिकवलेला माणूस असा हलत नसतो. पत्रे मी बदलणार. माणूस मीच शोधणार. विश्वासू.

१३ एप्रिल
विश्वासू माणूस ओळखायचा कसा? दुपारी पडल्या पडल्या सुचलं. ज्याला चौथीची कविता अजून पाठ आहे, तो फसवणार नाही. जो कडवं गाळत नाही, तो बोल्ट कशाला गाळेल? काय दिवस होते ते! चाळीस पोरं एका चालीत म्हणायची, शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडायचं.
वनमालाला कसोटी सांगितली. म्हणाली, "अहो, आधी त्याने टाकलेले पत्रे बघून या." कवितेचं अंग तिला पहिल्यापासून नाही.

१७ एप्रिल
अंगद आला. माझाच विद्यार्थी. पार धर्मापुरीपर्यंत याने शेड उभ्या केल्यात म्हणे. आल्या आल्या वर चढला. मी खालून कविता विचारली. वरूनच म्हणाला, "गुरुजी, कविता ध्यानात न्हाई. तुमची छडी लई ध्यानात हाय." शिवाय पत्र्याखालचे लोखंडी अँगल गंजलेत, तेही बदला, अन् मला महिनाभर सवड न्हाई, असं सांगतो.
नापास.

२ मे
सापडला! तानाजी. चहा घेतला, डोळे मिटले आणि सगळी कडवी, चालीवर. शेवटचं कडवं मीही त्याच्याबरोबर म्हटलं. छपरावर चढून बघायची त्याला गरजसुद्धा वाटली नाही. याला म्हणतात अनुभव.
वनमालाने मध्येच विचारलं, कुणाकुणाचे पत्रे टाकलेत? तो म्हणाला, "काकू, लई जणांचे." एकाचंही नाव घेतलं नाही. केवढा विनय!

९ मे, दुपारी
काम सुरू. तानाजी पत्र्याच्या उंचवट्यांवर बोल्ट मारायला लागला. छपराला चामखिळी आल्यासारखं दिसलं. थांबवलं. म्हटलं, उंचवट्यांमधल्या खोलगट पन्हाळीत मार, ओळीने. आधी आठ, मग जागा सोड, मग सहा. छपरालाही वृत्त हवं.
तो म्हणाला, "पाणी पन्हाळीतूनच वाहतंय की, गुरुजी." मग बोल्ट उचलून, "पण घर तुमचं हाय. तुमी म्हणाल तसं."
असा ऐकणारा कारागीर भाग्याने मिळतो.

११ मे
पूर्ण! रस्त्यापलीकडून पाहिलं. छप्पर वाचता येतं.
अंगद मोटरसायकलवरून चालला होता, थांबला. "कावून हो गुरुजी, पन्हाळीत मारले?" मी वृत्त समजावलं. छपराकडे बघत त्याने कपाळाला हात लावला. दिपला असणार.

१५ मे
आमच्याकडे नळ आठ दिवसांतून एकदा येतो, तो आज आला. वनमालाने हंडे-कळशा भरल्या आणि उरल्या पाण्याची नळी सरळ छपरावर सोडली. मी कडाडून विरोध केला. बीड जिल्ह्यात पाण्याची ही नासाडी! ऐकलं नाही.
पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरात थेंब. इकडे आठ धारा, तिकडे सहा. वृत्तभंग कुठेही नाही, हे नोंदवून ठेवतो.
नेमका तेव्हाच अनिलचा व्हिडिओ कॉल. मी मोबाइल भिंतीकडे वळवला, पण धारांचा आवाज त्याला ऐकू गेलाच. म्हणाला, ३ जूनला गाडी घेऊन येतो, सामान बांधा. मी म्हटलं, खुशाल ये. एक चमचा हलणार नाही.
तानाजीला फोन केला. तो म्हणाला, "तुमीच सांगितलं की." माझं वाक्य शब्दशः म्हणून दाखवलं. पाठांतर पक्कं आहे.

१६ मे
डांबराचा डबा आणला. भोकं खालून बुजवली, उलथन्याने. चार. पाचव्याला वनमालाने उलथनं काढून घेतलं. घरातूनच सहकार्य नाही, तिथे माणूस काय करणार?

२४ मे
नव्या माणसाचा शोध सुरू. कसोटी आता कडक: दोन कविता.
स्टँडवरून घरी आलो, तर अंगणात अंगद टेप घेऊन मापं काढतोय. वनमालाने बोलावलेला. त्याआधी त्याने टाकलेली तीन छपरं ती स्वतः बघून आली, तेही भर उन्हात. मी जाब विचारला. पुण्याला जायला तर मान डोलावली होतीस? म्हणाली, "मान डोलावली म्हणून तर तुम्ही खुर्चीतून उठलात. मला कुठं जायचंय त्या फ्लॅटात?"
अंगदने टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. धरलं.

१ जून
अंगदचं काम चालू. नवे अँगल. बोल्ट उंचवट्यावर. माझा निषेध मी तोंडी नोंदवला. तो वरून म्हणाला, "गुरुजी, जरा सरका, पत्रा येतोय."

३ जून, संध्याकाळी
अनिल आला. टँकर मागवून स्वतः अर्धा तास छपरावर पाणी मारलं. स्वयंपाकघर कोरडं ठक्क. मग जेवायला बसला. पुण्याचा विषय संपला.
जेवताना मी त्याला सांगितलं, हे काम शेवटपर्यंत माझ्या हातात होतं. वनमाला म्हणाली, "हो रे. अंगदचा गडी आला नव्हता ना, शिडी ह्यांनीच धरली."
धरलीच होती. दोन दिवस. एकदाही हलू दिली नाही.