पाडव्याच्या फोटोतली पांढरी कड

८ नोव्हेंबर २०२०, न्यूनेन, नेदरलँड्स
टिलबर्गचं गोदामातलं काम सुटलं, म्हणून एका बॅगेनिशी मंजूषाकाकूकडे आलो. वरची खोली मस्त आहे, खिडकीतून बदकं दिसतात. काकूने पोहे केले आणि केस काप म्हणाली, नाहीतर शेजारीण पोलिसांना कळवेल. उल्हासकाका मेमध्ये कोविडने गेला. पुण्यात आजीला अजून सांगितलेलं नाही. काका कामात बुडालाय असं सांगायचं. त्याच्या नावाने मेसेज काकूच करते.

११ नोव्हेंबर
नवं काम घरूनच. विम्याच्या दाव्यांचे फोटो तपासायचे : फुटलेली काच, भिजलेली भिंत. प्रोग्रॅम फोटो पुन्हा सेव्ह करून फरक दाखवतो. मूळ भाग काळा राहतो, चिकटवलेल्याच्या कडेला पांढरी रेघ पेटते. दिवसाला दोनशे फोटो. डोळ्यांत वाळू. एका फोटोत मांजर होतं, त्यातच अर्धा तास गेला.

१६ नोव्हेंबर
पाडवा. काकू काकाला ओवाळतानाचा फोटो आजीला हवाच होता. काकू तबक घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. मी फोटो काढला, आणि काकाच्या ऑफिसच्या जुन्या फोटोतून त्याला कापून खुर्चीत बसवलं. लोकांच्या लबाड्या पकडून हात तयार झालाय. काकू म्हणाली, आईंना धक्का सोसायचा नाही, एवढं वर्ष जाऊ दे.

१७ नोव्हेंबर
आजी खूश. म्हणाली, उल्हासच्या कपाळावर कुंकू किती ठळक उठलंय. ऑफिसच्या फोटोत त्याचं कपाळ कोरं आहे. मी काही लावलं नव्हतं. पाडव्याच्या फोटोत कुंकू आहे.

१९ नोव्हेंबर
न राहवून तो फोटो तपासला. काका, खुर्ची, भिंत, सगळं काळं. पांढरी रेघ काकूभोवती. शिणलोय म्हणून चुकलं असेल. तीनदा पाहिलं. तीनदा तेच.

२० नोव्हेंबर
स्वयंपाकघरात काकूचा एकटीचा फोटो काढला. नवा. हातही लावला नाही त्याला. तरी रेघ — तिला सांगितलं. ती म्हणाली, झोप जरा, आणि लग्नाचं बघ. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा —

२१ नोव्हेंबर
आजीला खरं सांगायचं ठरवलं. काकू नको म्हणाली. फार हळू. तरी लावला फोन. मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाली, लपवता कशाला, मी काय कुक्कुलं बाळ आहे? सकाळी उल्हासचा फोन येऊन गेला. मंजूषा मेमध्येच गेली, सगळं सांगितलं त्याने —

काकू समोर पलंगावर बसून ऐकत होती. आता चादरीला सुरकुतीसुद्धा नाही —

खालून मला चहाला हाक मारतायत. पुरुषी आवाज. मी ओ दिलेली नाही. तरी जिन्यावर पावलं —