आईंचे चार घास

बोरिवली
ता. ९ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. उत्तरावन्सं यांना,

विमलाचा साष्टांग नमस्कार. मुलुंडला तुम्ही सगळे बरे असाल.

आज मंगळवार. ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि आईंबरोबर सर्जनकडे जाऊन आले. माझ्या पोटात उजव्या बाजूला कळ येते ते तुम्हाला मागे कळवलं होतं. शुक्रवारी ती तिसऱ्यांदा आली. पाठीतून खांद्यापर्यंत गेली आणि दोन तास हलली नाही. सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे झाले आहेत. नुसते खडे काढून भागणार नाही, पित्ताशयच काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. २३ तारीख दिली आहे. दहा दिवस दवाखान्यात राहावं लागेल.

डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" मी बोलायच्या आत आईच म्हणाल्या, "हिचं ऑगस्टमध्ये हर्नियाचं झालं. तेव्हा माझा श्याम होता." डॉक्टरांनी व्रणावरून बोट फिरवलं. "हर्निया? इथे?" मी हो म्हटलं. त्यांनी जुने कागद घेऊन यायला सांगितलं आहे. शोधायला हवेत.

निघताना आई त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्याकडे बघा. ही अशी नव्हती हो. माझा मुलगा गेला आणि हिने अन्न सोडलं. चार घास खाते नि उठते. तिला जरा दटावा." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी चपला घालत होते.

फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. आईंचा हात कापतो, शिवाय त्यांना तिथे उभं करावंसं वाटत नाही. तुम्ही २२ला येऊ शकाल का?

आईंची तब्येत ठीक आहे. थोड्या हडकल्या आहेत. खालच्या मजल्यावरची शकु काल जिन्यात म्हणाली, "काय गं, सासूसुनेने पैज लावलीय का? तुझे जुने ब्लाउज आता तुम्ही दोघी मिळून घाला." तिचा स्वभावच तसा आहे. तुम्ही आलात की आईंना जेवायचा आग्रह करा. माझं ऐकत नाहीत.

बाकी सर्व ठीक.

आपली,
विमला


बोरिवली
रविवार, ता. १४ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. उत्तरावन्सं यांना,

नमस्कार. मंगळवारी तुम्हाला पत्र टाकलं ते अर्धंच होतं. उरलेलं आज लिहिते. शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलण्यासारखं ते नाही.

आज सकाळी आई न्हाणीघरात पडल्या. घाबरू नका, हाड मोडलेलं नाही, कोपराला खरचटलं आहे. आपले नेहमीचे डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, "हा आजार नाही, ही उपासमार आहे. या वयात असंच चाललं तर महिनाभरात त्या अंथरुणाला खिळतील." मी आईंना उठवलं तेव्हा मला एक हात पुरला, वन्सं. त्यांच्या दंडाभोवती माझी बोटं एकमेकांना लागली.

म्हणून लिहिते आहे.

ऑगस्टमध्ये माझं ऑपरेशन झालं ते हर्नियाचं नव्हतं. वजन कमी करण्यासाठी केलेलं ते पोटाचं ऑपरेशन होतं. जठराला टाके घालून त्याचा वरचा थोडाच भाग अन्नाला मोकळा ठेवतात. त्यात अर्धी वाटीदेखील नीट मावत नाही. जास्त खाल्लं तर उलटून पडतं. परदेशात शिकून आलेले एक सर्जन पार्ल्याच्या नर्सिंग होममध्ये हे करतात असं ह्यांच्या ऑफिसात कुणाकडून तरी कळलं. माझं वजन तेव्हा एकशे बारा किलो होतं. साखर वाढली होती, गुडघे गेले होते, रात्री मला बसून झोपावं लागे. हे म्हणत होते, "मला तू आहेस तशी चालतेस, उगाच पोट कापून घेऊ नकोस." हट्ट माझाच होता.

आईंना हर्निया सांगायचं हे ह्यांनी ठरवलं. "जाडी कमी करायला पोट फाडून घेतलंस म्हटलं तर ती जन्मभर ऐकवेल," म्हणाले. "दिवाळीला तू बारीक दिसलीस की मीच सांगतो. तेव्हा हसेल." दिवाळीपर्यंत ते राहिले नाहीत.

चौदाव्या दिवसाचं गोडाचं जेवण तुम्हाला आठवत असेल. पंगतीत तुम्ही माझ्यासमोर होतात. मी चार घास घेतले आणि थांबले. तुम्ही आग्रह केलात, विरारच्या मावशींनी केला. मला पाचवा घास घेणं शक्यच नव्हतं, तो पानातच उलटला असता. आई बघत होत्या. त्यांनी आपलं पान पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "परक्याची पोर चार घासांवर उठते, आणि मी त्याला जन्म देऊन पोटभर जेवू?" सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. तुम्हीही लावलात. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी हात धुवायला उठले.

त्या दिवसापासून आई चारच घास खातात. दुपारी चार, रात्री चार. मी घास घेतला की त्या घेतात, मी थांबले की थांबतात. मी सांगून पाहिलं, "आई, तुम्ही जेवा, माझं सोडा." म्हणाल्या, "तू जेव, मी जेवते."

आता जे लिहिते ते वाचून तुम्ही हे पत्र फाडाल. मी उपाशी नाही. मला थोडं थोडं पण दिवसातून सहा वेळा खायला सांगितलेलं आहे आणि मी तसं खाते. ऑफिसात माझ्या कपाटात एक डबा असतो. अकराला दहीभात, दोनला मुगाचं कढण, चारला दूध, निघताना केळं. मग घरी येते आणि आईंसमोर चार घास खाऊन उठते. साडेचार महिने हे चाललं आहे. सत्तरी उलटलेल्या बाईला मी माझ्यासमोर वाळू दिलं.

का, ते मी स्वतःलाही विचारलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली. आई मला कधी टाकून बोलल्या नाहीत असं नाही, तुम्ही ऐकलेलं आहे. "विमल जिना चढली की तळमजल्याच्या भांड्यांना कळतं," हे त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. हे गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या सांगायला लागल्या, "बघा माझ्या सुनेची दशा. अशी बायको मिळायला भाग्य लागतं." रविवारी माझ्या डोक्याला तेल लावतात. मला बाळ म्हणतात. घरात दुसरं कुणी नाही, आम्ही दोघीच. खरं सांगितलं असतं तर त्यांचा हात थांबला असता. मला तो थांबायला नको होता.

काल जुने कागद घेऊन एकटीच सर्जनकडे गेले. त्यांनी वाचले आणि कागद टेबलावर आपटले. "मला हर्निया सांगून तुम्ही टेबलावर झोपणार होतात? जठराला टाके घातलेत, आतलं सगळं चिकटलेलं असू शकतं. न सांगता मी आत हात घातला असता तर काय झालं असतं, कल्पना आहे?" मी म्हटलं, "सासूबाई होत्या समोर." ते म्हणाले, "मग आता सासूबाईंना सांगा. सही करणाऱ्याला मी सगळं समजावून सांगणार, लपवणार नाही." खडे कशाने झाले तेही त्यांनी सांगितलं. वजन असं झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे धरतात. म्हणजे हेही त्या ऑपरेशनचंच. दुःखाचं त्यात काही नाही.

आणखी एक राहिलं. ऑगस्टमध्ये हे बारा दिवस घर, ऑफिस, पार्लं असे धावत होते. एकदा माझ्या कॉटशेजारी बसून छाती चोळत म्हणाले, "वडापाव बाधला वाटतं." मी गाळलेलं सूप पीत होते. मी म्हटलं, "सोडा घ्या." पुढे महिन्याभराने ते गेले तेही छातीच्या दुखण्यानेच. एवढंच. याच्यावर मी आणखी काही लिहू शकत नाही.

माझी विनंती आहे. २२ची वाट पाहू नका. या दोन-तीन दिवसांत येऊन आईंना मुलुंडला घेऊन जा. मी ऑपरेशनचं निमित्त सांगीन. तिथे नेल्यावर हे पत्र त्यांना वाचून दाखवा. मला तोंडावर सांगायला जमणार नाही. काल रात्री पानावर बसल्यावर दोनदा तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "काय बाळ?" आणि मी मीठ मागितलं.

सहीला तुम्ही नाही आलात तरी मी समजेन. ऑफिसातल्या कुणाला तरी विचारीन. पण आईंना न्या.

विमला


बोरिवली
रविवार, ता. १३ मार्च १९८८

ती. सौ. उत्तरावन्सं यांना,

नमस्कार. तुमचं कार्ड काल मिळालं.

माझे टाके निघाले. नळी काढली तिथली जखमही भरत आली आहे. ताप नाही. शकु सकाळी दूध आणून देते आणि रोज एकदा सांगते की तिला माझ्या जागी नेलं असतं तर डॉक्टरच पळून गेले असते. ऑफिसात महिनाअखेर जाईन.

तुम्ही सहीला आलात याबद्दल मी तिथे काही बोलू शकले नाही. डॉक्टरांनी बाटलीत घालून खडे दाखवले तेव्हा तुम्ही बाटली उजेडात धरून मोजलेत आणि म्हणालात, "अकरा. हरभऱ्याएवढे पण नाहीत." मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, आता तुम्ही ते बोलणार. मी तयार होते. तुम्ही विचारलंत, "श्यामला सगळं माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. "त्याच्या मर्जीने झालं?" मी म्हटलं, "नाही. माझ्या हट्टाने. पण रोज यायचे." तुम्ही म्हणालात, "येणारच. लहानपणी माझे दात किडले तेव्हा दवाखान्यात माझ्याआधी तो रडला होता." एवढंच बोललात आणि बस पकडायला गेलात. दोष दिला असतात तर तो मी घेतला असता. दिला नाहीत, त्याचं काय करावं ते मला अजून कळत नाही.

तुम्ही कार्डावर लिहिलंत ते मी पुष्कळदा वाचलं. की आईंनी पत्र तुमच्याकडून ऐकलं, मग काढून घेऊन डोळ्यांशी धरून स्वतः वाचलं. की थोड्या वेळाने म्हणाल्या, "पान वाढ." तीन पोळ्या खाल्ल्या, वरणभात खाल्ला, वर ताक मागितलं. हात धुताना म्हणाल्या, "मला उपाशी ठेवून ती डबे खात होती." तेव्हापासून दोन्ही वेळा जेवतात, मधे लाडूही घेतात, आणि माझं नाव घेत नाहीत. बोरिवलीला यायचं नाही म्हणतात.

त्या म्हणाल्या ते खरं आहे. त्यांची समजूत घालू नका. मी आजारी आहे, एकटी आहे असं सांगून त्यांना पाघळवूही नका, वन्सं. डॉक्टरांकडे नेऊन दर पंधरा दिवसांनी वजन तेवढं करा आणि मला आकडा कळवा. रागाने जेवत असतील तर रागाने जेवू देत. फक्त राग उतरला म्हणजे जेवण उतरणार नाही इकडे लक्ष ठेवा.

नमस्कार आपणहून सांगू नका. विचारलं तरच सांगा.

घर मोठं वाटतं. तशी तक्रार नाही. जेवताना मी आता घास मोजत नाही, पोट सांगतं तिथे थांबते. समोर कुणी थांबत नाही एवढं बरं आहे.

गॅलरीत ऊन आलं आहे. आईंची उशी आणि पांघरूण कठड्यावर टाकते. गादीही टाकायला हवी होती, पण जड उचलायला अजून सहा आठवडे मनाई आहे. ती तेव्हा टाकीन.

अजून तुमचीच,
विमला