चिल्फी घाटात गाडी कोण चालवणार

शनिवार, संध्याकाळ. सेक्टर ६.

कान्हाच्या जंगलाची सहल ठरवाले आज नवऱ्याचे मोठे भाऊ आले. आल्या आल्या म्हणाले, "चिल्फी घाटात बाईमाणसाच्या हाती गाडी द्यायची नाही. मी चालवीन." गाडी माझ्या पगाराची, रोज मीच चालवून राहिली. नवरा चूप. बाईमाणूस म्हणे. मागच्या वर्षी हीच गाडी त्यांनी जामुलच्या रेल्वे फाटकाले ठोकली, तेव्हाही नवरा चूपच होता. कावून चूप राहते हा माणूस?

मी म्हटलं, "मग तुमी बसनं जा, भाऊजी." ते चहा न घेताच निघून गेले.

सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "समोर मी बसीन. मले वाघ पाहाचा आहे."

नवऱ्यानं विचारलं, "अन् मी?"

"मागं," त्या म्हणाल्या.