लॉनवरचे करडे दाणे

६ जुलै, रविवार

कुणीतरी माझ्या लॉनवर काहीतरी टाकलंय! करडे दाणे, मोहरीपेक्षा जरा बारीक. कंपाउंडच्या कडेने आणि पेरूच्या बुंध्याशी. मुंग्यांनी उकरलेली माती म्हणावी तर बोटांत भुगा होत नाही. सिमेंट म्हणावं तर वास कशाला येईल? आणि वास तरी कसला — सडक्या लसणाचा!

दोन वर्षं जीव लावून हे गवत वाढवलं. दिवसभर अंबडच्या कंपनीत मशीनच्या तेलात हात, संध्याकाळी पाच मिनिटं अनवाणी गवतावर. एवढंच मागतो मी. तेही लोकांना बघवत नाही. लोकांना म्हणजे कुणाला, ते मला चांगलं माहीत आहे.

७ जुलै, सोमवार

सावळीराम वडनेरे. भिंतीला भिंत लागून घर. नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, आता दिवसभर काम एकच — आमचा गुंड्या भुंकला की मोजायचं. मागच्या महिन्यात कंपाउंडवरून ओरडले होते, "तुमच्या कुत्र्याचा एकदा बंदोबस्त करावा लागेल!" आज विचारलं, हे दाणे कसले? तर म्हणे, "मला काय माहीत? तुमचं लॉन, तुम्ही बघा." चेहरा काय साळसूद!

नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. "खत नाही साहेब." बस, एवढंच उत्तर. पल्लवी म्हणते, शांत हो. माझ्या बायकोला शेजाऱ्यांचाच पुळका.

८ जुलै, मंगळवार

पाऊस. दाणे फुगलेत, वास वाढलाय.

आई आमच्या छोट्या सृष्टीच्या मागे लागली होती — चप्पल घातल्याशिवाय गवतात जायचं नाही. तीन वर्षांपूर्वी कळवणला कांद्याच्या चाळीत बाबांना साप चावला, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. तेव्हापासून गवत म्हटलं की आई दचकते. सापाचं नावसुद्धा तोंडातून काढत नाही. नाव घेतलं की तो येतो म्हणे! पेरू तोडायला शनिवारी बाहेर गेली, ती तशीच रिकाम्या हाताने परत आली. आई, हे लॉन आहे, रान नाही — किती वेळा सांगू?

९ जुलै, बुधवार

गुंड्या गेला.

सकाळी तोंडाला फेस, पाय थरथरत होते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी सलाईन लावेपर्यंत खेळ खलास. "विषबाधा," ते म्हणाले. "शेतीच्या औषधाची वाटते. घराजवळ कुणी काही टाकलंय का?"

टाकलंय ना!

सृष्टी पायरीवर बसून आहे, त्याचा पट्टा मांडीवर घेऊन. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगू?

१० जुलै, गुरुवार

अर्धी सुट्टी टाकली. दाणे पुडीत बांधून कृषी सेवा केंद्रात नेले. दुकानदाराने पुडी पूर्ण उघडलीसुद्धा नाही. वासानेच मागे सरकला. "दाणेदार औषध आहे हे. पूर्वी कांद्याला, उसाला टाकायचे, आता बंदी आहे. जुन्या शेतकऱ्यांकडे पडलेलं असतं अजून. कातडीतून भिनतं हे — हात धुतले का तुम्ही?"

शेतकऱ्यांकडे! वडनेऱ्यांच्या मेहुण्याची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. झालं! आणखी काय पाहिजे?

तसाच पोलीस चौकीत गेलो. "आहे तसंच राहू द्या, माणूस पाठवतो." घरी येऊन लॉनभोवती दोरी बांधली. जेवताना सगळ्यांना बजावलं, त्या दाण्यांना कुणीही हात लावायचा नाही, पुरावा आहे तो. आणि ज्याने टाकलं त्याला मी आत घालणार. बेड्या घालून गल्लीतून वरात काढणार!

आई घास हातात धरून बसली. "येवढं कशाला रं किशोर? चुकून झालं आसंल कुणाचं."

चुकून! ताट सारून उठलो. आईला सगळी दुनिया भोळी वाटते.

११ जुलै, शुक्रवार

चौकीतून कुणी आलं नाही.

१२ जुलै, शनिवार

आजही नाही. मग मीच गेलो वडनेऱ्यांच्या दारात. खुनी म्हणालो. कुत्र्याला मारलंत, उद्या माझ्या पोरीला माराल! सगळी गल्ली गॅलरीत येऊन बघत होती. त्यांच्या बायकोने रडत रडत दार लावून घेतलं.

बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आई दोन दिवस धड जेवत नाही. खिडकीतून लॉनकडे बघत बसते. गुंड्याचा लळा होता तिला.

१३ जुलै, रविवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

दुपारी डोळा लागला होता. पल्लवीच्या किंकाळीने उठलो. आई मागच्या दारात पडलेली. तोंडाला फेस, घामाने चिंब, हातपाय थडथडत होते. अगदी गुंड्यासारखी. माझी गाडी नेमकी सर्व्हिसिंगला. आरडाओरडा ऐकून वडनेरे धावत आले, मी त्यांची कॉलरच धरली. "आता माझ्या आईलाही मारता?"

त्यांनी माझा हात सोडवला. "मला नंतर मारा. आधी यांना उचला."

त्यांच्याच गाडीतून आणलं. आयसीयूत आहे. डॉक्टर म्हणतात तेच औषध, रात्र काढली तर वाचतील. हा माणूस गाडी चालवून चांगुलपणाचा आव आणतोय. आईला काही झालं तर मी त्याला सोडणार नाही. सोडणार नाही!

१४ जुलै, सोमवार

सकाळी नर्सने आईचं लुगडं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलं. "हात लावू नका. पदराच्या गाठीत हे होतं." करडे दाणे. ओले, गवताच्या काड्या चिकटलेले. नुसत्या बोटांनी एकेक वेचलेले.

आई शुद्धीवर आली. आवाज जेमतेम. "पेरूखाली दिसलं व्हतं मला ते लांबडं जनावर. गावाकडून आणलेलं औषध डब्यात व्हतं, ते टाकलं. पोर तिथं खेळती ना." माझी बाही घट्ट धरली. मग म्हणाली, "सांगनार व्हते रं. पन तू लय तापला व्हतास. म्हनलं, पोलीस यायच्या आत सगळं उचलून घ्यावं."

बाहेर वडनेरे थर्मास घेऊन उभे आहेत. काल दुपारपासून घरी गेलेले नाहीत.