चौथा पिस्टन

बाबा,

ते ट्रॅक्टर परत आलं होतं. आपल्याच गॅरेजात, जवळा बाजारच्या त्याच पत्र्याखाली उभं होतं आणि मी ते ओळखलं नाही. तेव्हा ते लाल होतं. आता कुणीतरी निळा रंग फासलाय, बोनेट दुसऱ्याच गाडीचं बसवलंय. शिरड शहापूरचे एक म्हातारे शेतकरी ते दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढत घेऊन आले. सेनगावकडच्या कुणाकडून त्यांनी ते जुन्यात घेतलेलं. सोबत त्यांची नात होती. म्हातारे म्हणाले, "ताई, लई धूर मारून राहिलंय. नातीचं लग्न हाय. पोरगी म्हणती, मी मांडवात याच्यावरच बसून येणार, अन् सासरीबी हेच चालवत जाणार. तेवढं बांधून द्या." मी हो म्हटलं. जुनं इंजिन बांधायला मला अजून आवडतं, तुमच्यासारखंच. पोरगी दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागली. शेतातलं ट्रॅक्टर तीच चालवते, पण इंजिन उघडलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढलं तेव्हा मी मजेत होते. चारी पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा जाड थर होता. ती रॉकेलनं भिजवून खरवडताना मी पोरीला सांगत होते की हा पिस्टन, आणि तो ज्या नळीत वरखाली होतो ती लायनर. नळी झिजली की ती आतून कातून मोठी करायची आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. किती मोठा, ते पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेलं असतं. मूळ मापाचा असेल तर स्टँडर्ड, नाहीतर वीस, तीस, चाळीस, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले तेवढे भाग जास्त. पहिल्यावर तीस निघालं. दुसऱ्यावर तीस. तिसऱ्यावर तीस. चौथ्यावर काहीच नव्हतं. कानशीनं आकडा घासून काढलेला होता. मी पोरीला म्हटलं, "जरा बाजूला सर," आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या डाव्या अंगावरचं तेलाचं किटण पुसायला घेतलं. रंगाखाली ठिगळ होतं. हाताच्या पंजाएवढी लोखंडी पट्टी, कडेनं स्क्रू आणि वरून वेल्डिंग. मी फडकं खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन रांजणाजवळ उभी राहिले. पाणी घ्यायचं सुचलं नाही.

त्या ठिगळाखालच्या भोकातून पिस्टनचा रॉड बाहेर आला होता, बाबा. तुम्ही समोर होतात.

तो दिवस मला अजून तुकड्यातुकड्यानं आठवतो. बाजाराचा दिवस आहे, रस्त्यावर कापसाच्या गाड्या आहेत. मी नवऱ्याचं घर सोडून तुमच्याकडे आले आहे, आणि आईचा विरोध असतानाही तुम्ही माझ्या हातात पाना दिला आहे. इंजिन बांधून झालंय आणि पहिल्यांदा सुरू केलंय. मी ॲक्सिलेटरच्या दांडीवर, तुम्ही डाव्या बाजूला वाकून, स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवून आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकताय. आवाज आधी मोकळा आहे, मग तो दाबल्यासारखा होतो, गळा धरल्यासारखा. तुम्ही हात वर करता. मी बंद करायची मूठ ओढते. आणि तरीही. तो कानठळ्या बसवणारा आवाज, तो तेलाचा फवारा, आणि तुम्ही खाली बसलात ते, अगदी हळू, जणू दमून बसलात. डोळ्यावर धरलेल्या बोटांमधून रक्त येत होतं. नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही सगळ्यांना आधी एकच सांगितलंत, "पोरीनं बराबर ओढलं होतं." डोळा गेला का, हे तुम्ही त्यानंतर विचारलंत.

काय झालं ते घरी आल्यावर तुम्हीच शोधलंत, एका डोळ्यानं, तुटलेले तुकडे खाटेवर पसरून. चौथ्या पिस्टनवर स्टँडर्ड ठोकलेलं होतं, डब्यावरही तेच होतं, पण तो मुळात मोठा पिस्टन होता. कुणीतरी लेथवर कातून बारीक केला होता, पुरेसा बारीक नाही, आणि नवा आकडा ठोकला होता. गार असताना तो लायनरमध्ये गेला. तापल्यावर फुगला आणि नळीत घट्ट अडकला, तसा रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. "तीन मोजले म्या," तुम्ही म्हणालात, "तिन्ही बराबर निघाले, म्हणून चौथा न्हाई मोजला." आणि मग माझ्याकडे बघून, जणू चूक मीच करणार आहे असं, जोरात ओरडलात, "डबा काय वाचून राहिलीस? डबा कुणीबी छापतं! पिस्टनला इचार!" तेवढं एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. त्या ट्रॅक्टरचा तेव्हाचा मालक ते ओढून घेऊन गेला. ते भंगारात गेलं असेल असं आपण धरून चाललो होतो.

रांजणापासून परत आले आणि मी म्हाताऱ्यांना फोन करून सांगितलं की हे काम माझ्याकडून व्हायचं नाही, घेऊन जा. ते दुपारी आले, गोंधळलेले. पोरगी म्हणाली, "काहून मावशी? काय झालं?" मी ठिगळ दाखवलं. तुमचं सांगितलं. म्हातारे डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसले. म्हणाले, "मंग न्हाई बांधायचं, ताई. भाड्यानं एखादी गाडी आणू." मला सुटल्यासारखं झालं. पण पोरगी ब्लॉककडे बघत होती. ती म्हणाली, "आबा, तुमी हे इकणार तर न्हाईच. लग्नानंतर कवातरी दुसऱ्याकडून बांधून घेणारच. मावशी, तो दुसरा चौथा मोजंल का?"

बाबा, मी फडकं परत उचललं.

मग मी कामाला लागले, पण हाताला भीती चिकटून होती. चौथी लायनर बाहेरूनच जाड निघाली. फुटल्यावर कुणीतरी ब्लॉकचं भोक मोठं करून ती बसवलेली होती. आतून ती चाळीसच्या मापाची होती आणि तिच्यातला पिस्टन तीसपेक्षा केसभर मोठा, बस. इतकी वर्षं तो त्या नळीत सैल खडखडत होता. धुराचं कारण तेच होतं. वरून बघितलं तर चारी सारखेच दिसत. बाकीच्या तिघांचा आकडा वाचून पिस्टनभोवती बसणाऱ्या तीसच्या रिंगा आणल्या असत्या तर चौथ्यात त्या नुसत्या लोंबत राहिल्या असत्या. मी चारी लायनर काढायच्या ठरवल्या. ब्लॉक हिंगोलीला लेथवाल्याकडे नेला. त्यानं ठिगळावर हातोडीनं वाजवून पाहिलं, रॉकेल भरून ठेवलं, झिरपलं नाही. "पक्का हाय," तो म्हणाला. चौथ्या भोकासाठी त्यानं जाड लायनर कातून दिली आणि चारी नव्या लायनर आतून मूळ मापाला आणल्या. नवे पिस्टन आले. चारी डब्यांवर स्टँडर्ड. तो शब्द वाचून मी डबे उलटे करून ठेवले.

मी चौथा आधी मोजला. मायक्रोमीटर तुमचाच, त्याच्या मुठीवर तुमच्या अंगठ्याची जागा घासून गुळगुळीत झालेली. पिस्टनचा खालचा भाग, रॉड जोडायच्या पिनेच्या आडवा, तुम्ही दाखवलात तसा. मग लायनर, वर, मधे, खाली, उभी आणि आडवी. बराबर होतं. विश्वास बसला नाही. पुन्हा मोजलं. पोरीला मोजायला लावलं, माझा आकडा न सांगता. तिचाही तोच आला. तरी मी पिस्टन रिंगांशिवाय लायनरमध्ये सोडून पाहिला. तो कुठंही न अडता, स्वतःच्या वजनानं, सावकाश खाली उतरला. तेव्हा मी खाली बसले. पोरगी घाबरून म्हणाली, "चक्कर आली का?" मी म्हटलं, "न्हाई. बसून राहिले उगं."

सुरू करायचा दिवस आला. सकाळ होती, ऊन कोवळं होतं. म्हाताऱ्यांना मी रस्त्यापलीकडे उभं केलं. पोरीला दांडी धरायची होती. मी नाही म्हटलं. ती हट्टाला पेटली आणि मी तिच्यावर ओरडले, तुमच्यासारखीच, इतक्या जोरात की समोरचा चहावाला बाहेर आला. ती रुसून आजोबांपाशी गेली. मग मी एकटी होते. ज्या बाजूला ठिगळ आहे, आवाज तिकडूनच ऐकायचा होता. मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि सुरू झालं. दांडी कमी वेगावर ठेवून मी डावीकडे गेले आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. डोळे मिटलेले होते, दोन्ही. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मी वाट बघत राहिले, गळा कधी दाबला जातोय त्याची. ब्लॉक तापला, वास आला, पाण्याची वाफ दिसायला लागली. गळा मोकळाच राहिला. बंद करून पंख्याच्या पट्ट्यावरनं हातानं फिरवून पाहिलं. तापलेलं इंजिनही हलकं फिरलं. पलीकडून म्हातारे ओरडले, "झालं का, ताई?" मी नुसता हात वर केला. त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. ते लंगडत पळत आले बिचारे.

लग्नाला गेले होते. पोरगी फेटा बांधून ट्रॅक्टरवर बसून आली, बायका हसत होत्या, पोरं मागं पळत होती. सगळे तिचा फेटा बघत होते. मी मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहून धूर बघत होते. धूर नव्हता. पाठवणीला ती तेच चालवत सासरी गेली, नवरा शेजारी मडगार्डवर. आईचं वय झालंय, ती मला म्हणाली, "तुझा बाप असता तर रडला असता." मला माहीत नाही. तुम्ही रडताना मी कधी पाहिलं नाही.

मी लिहायला बसले तेव्हा तुम्हाला सांगणार होते की आता भीती गेली. तुम्हाला ऐकून बरं वाटलं असतं. पण ते खरं नाही, आणि हे कागद कुठं जाणारही नाहीत, मग खोटं कशाला लिहू? काल त्या पोरीचा सासरहून फोन आला. नाव दिसल्यावर मी बराच वेळ तो वाजू दिला, मग उचलला. ती हसत काहीतरी सांगत होती, सासूचं, म्हशीचं. मी हं हं करत राहिले. तिनं काय सांगितलं त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही, कारण तिच्या मागं इंजिन चालू होतं आणि मी तेवढंच ऐकत होते. हे मी तिला सांगितलेलं नाही.