सापाचं वचन

आबा, परवा शुभवर्तमानाची नवी छपाई माझ्या हातात आली. मार्कानं लिहिलेल्या भागाचं शेवटचं पान उघडलं, तर तिथली अखेरची वचनं कंसात टाकलेली, आणि खाली बारीक अक्षरात टीप, की हा मजकूर सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. छापणाऱ्यानं ती सहज छापली असेल. मी मात्र पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली, तरी हे सांगायला मला दुसरं कोणी सुचलं नाही.

तेव्हा मोगलाई होती, निजामाचं राज्य. वडवणीच्या बाजारापासून थोड्या अंतरावरचं आपलं गाव, गावकुसाबाहेरची आपली वस्ती, आणि तिथं तुम्ही मिशनचे उपदेशक. आठवडाभर शाळेच्या ओसरीत पोरांना अक्षरं शिकवायची आणि रविवारी त्याच ओसरीत शुभवर्तमान वाचायचं. तुम्ही वाचायला शिकलात ते मिशीत पांढरे केस आल्यावर. म्हणून वाचताना ओळीवर बोट ठेवायचात आणि प्रत्येक शब्दापाशी थोडं थांबायचात, जणू पाण्यात पाय टाकण्याआधी तळ चाचपून बघताय. कोणी विचारलं, "आबा, हे खरं हाय का?" की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "लिवलंय म्हंजी खरं हाय." आपल्या लोकांच्या हाती लिहिलेलं असं काही आलंच नव्हतं तोवर. जे आलं ते खोटं असेल, हे कोणाच्या मनात कसं येणार?

ओसरीत सगळ्यांत पुढे बसायचा तो नवीनच बाप्तिस्मा घेतलेला जवान गडी. मोठ्यानं हसायचा, मोठ्यानं गायचा, आणि तुम्ही वाचलेलं घरी जाऊन आपल्या बायकोला पुन्हा सांगायचा. एका रविवारी तुम्ही मार्क संपवलात. मेलेल्यांतून पुन्हा उठलेला प्रभू शिष्यांना म्हणतो, विश्वास ठेवणारे हातानं साप उचलतील आणि त्यांना इजा होणार नाही. त्याच आठवड्यात पाटलाच्या रानात कडबा रचताना पेंढ्यांखालून नाग निघाला. बाकीचे मागं सरले. त्यानं हात घातला. "कावून धरतोस बे, सोड!" असं सगळे ओरडले, आणि तो हसत म्हणाला, "आबांनी वाचलंय." नाग डसल्यावरही त्यानं भगताला बोलावू दिलं नाही, बीडच्या हकिमाकडे गाडी जुंपू दिली नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

मी तेव्हा नगरला, इंग्रजी मुलखातल्या मिशनच्या शाळेत मास्तरीण व्हायला शिकत होते. सुटीत घरी आले तर तुम्ही निम्मे झालेले. प्रार्थना तोंडपाठ म्हणत होता, पण पुस्तक उघडत नव्हता. गावात लोक म्हणत होते, त्यांच्या पोथीनंच मारला त्याला. मायनं मला दाराशीच सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तूच बोल काही. मला तर जवळ बी येऊ देत न्हाईत."

आणि माझ्याजवळ बोलायला काहीतरी होतं! त्याच वर्षी आमच्या ग्रीक जाणणाऱ्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं, की येशूनं स्वतःच्या हातानं काही लिहून ठेवलं नाही. त्याच्या गोष्टी आधी कितीतरी वर्षं तोंडातोंडी फिरल्या, मग लिहिल्या गेल्या. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी बहुधा मार्क पहिला. आणि मार्काच्या सगळ्यांत जुन्या प्रती येशूच्या रिकाम्या कबरेपाशीच थांबतात. सापाचं वचन त्यांत नाही. पुढचा भाग कोणीतरी मागाहून जोडला. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दिवा लागल्यासारखं झालं होतं.

मी चुलीपुढे बसलेय, माय भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून ताटाकडे बघताय. मी म्हणते, "आबा, ते वचन मार्कानं लिहिलेलंच नाही. जुन्या प्रतींत ते नाही."

तुम्ही मान वर करता. "कुनी लिवलं मंग?"

"ठाऊक नाही. मागून कोणीतरी."

"कावून?"

"गोष्ट अर्धवट वाटली असेल त्याला."

"अर्धवट वाटली म्हनून," तुम्ही म्हणता. मायचा हात परातीत थांबलेला. मग तुम्ही माझ्याकडे असं बघता, की ते बघणं मी आजही विसरलेले नाही. "पोरी, तू खुशीत सांगायलीस मला हे. एक मानूस गेलाय ह्याच्यात."

मला वाटलं होतं, तुमच्या मनावरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, दुप्पट झालं. आता तो गडी तर गेलाच होता, पण ज्या शब्दावर गेला तो शब्दही हातातून गेला होता. तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी मला हाक मारलीत आणि म्हणालात, "बस. जे जे शिकलीस ते सगळं सांग. गोड लागंल तेवढंच नको."

मी सांगितलं. नंतरच्या तिघांनी पुढची हकीकत दिली आहे, पण प्रत्येकाची वेगळी. कबरेपाशी एकानं एक देवदूत सांगितला, दुसऱ्यानं दोन. प्रभू गालीलात भेटला की यरुशलेमात, यावरही मेळ नाही. तुम्ही मधेच विचारायचात, "पन तो क्रुसावर मेला, ह्यात तर फरक न्हाई ना?" मी म्हणायचे, नाही, त्यात चौघंही एक आहेत. "आन बायाच पहिल्यांदी गेल्या?" हो, सगळे बायांचंच नाव घेतात. तुम्ही मान हलवायचात आणि त्या जागेवर बोट ठेवायचात. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस आहेत, आबा. तुम्ही दुःखात होता, म्हणून असं म्हणू नये. पण तुम्ही बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं माझ्याशी बोलत होता.

मग मिशनचे गोरे साहेब फेरीवर आले. त्यांना तुम्ही ओसरीत बसवलंत आणि विचारलंत, "साहेब, मार्काच्या शेवटाचं तुमाला ठाऊक होतं?"

साहेब म्हणाले, विद्वानांत तशी चर्चा आहे.

"मंग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. नगरच्या मातीत त्यांनी स्वतःचं मूल पुरलं होतं. टोपी हातात फिरवत ते म्हणाले, साध्या लोकांचा एका ओळीवरचा विश्वास गेला की सगळ्यावरचाच जातो. गावात हे बोलू नका. तुम्ही त्यांना चहा दिलात, घोड्यापर्यंत पोचवलंत, आणि परत येऊन पागोटं बांधलंत. "त्या गड्याच्या बाईकडं जातो," म्हणालात. मी तुमच्या मागून निघाले. तुम्ही नको म्हणाला नाहीत.

ती बाई दारात ज्वारी पाखडत होती. तुम्ही उभ्यानंच बोललात. "बाई, मी वाचलं ते वचन जुन्या पोथ्यांत न्हाई. मला ठाऊक नव्हतं. आता कळलंय, म्हनून सांगाया आलो."

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. "म्हंजी माझा धनी कुनीतरी मागून लिवलेल्या गोष्टीपायी गेला?"

"व्हय."

"मंग बाकीचं तरी खरं हाय का?"

मी मनात म्हटलं, आता म्हणा, लिहिलंय म्हणजे खरं आहे. तुम्ही म्हणालात, "मला वाटतं हाय. पन मला वाटतं म्हनून तू मानू नको."

"जावा तुमी," ती म्हणाली.

त्यानंतर ओसरी निम्मी रिकामी झाली. कोणी म्हणालं, उपदेशकच आपल्या पोथीला खोटी म्हणतो. काही घरं पुन्हा जुन्या देवांकडे गेली. तुम्ही कोणाला अडवलं नाहीत. उरलेल्यांपुढे मार्क पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलात, तसंच बोट ठेवून.

शेवटच्या भागाचा रविवार आला तेव्हा ती बाई आली आणि दाराच्या चौकटीला टेकून बसली. धाकटा भाऊ म्हणतो, ती ओसरीत आलीच नव्हती, विहिरीवर मायजवळ बोलली. त्याला तसं आठवतं आणि मला असं. आम्ही दोघं यावरून म्हातारपणीही भांडतो, पण ती काय बोलली यावर आमचं भांडण नाही. तुम्ही वाचलंत, की बाया कबरेतून बाहेर निघाल्या, थरथर कापत पळाल्या, आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. तिथं पुस्तक मिटलंत. ओसरीत चुळबूळ झाली, आणि ती बाई म्हणाली, "मी बी पळालते. सांगावा आला तवा रानाकडं जायाचं सोडून उलट्या वाटंनं पळालते मी. लई भ्याले. आजपस्तोर कुनाला बोलले न्हाई."

मग अगदी हळू, तिलाच विचारावं तसं तुम्ही विचारलंत, "त्या बाया कुनाला बोलल्याच न्हाईत, तर मंग आपल्यापस्तोर हे आलं कसं?"

"मागून बोलल्या असत्याल," ती म्हणाली. "आता मी न्हाई का बोलायले?"

ती पुढे अधूनमधून येत राहिली. तिनं सगळं मानलं की नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला मूठमाती दिली त्या दिवशी तिनं येऊन मायला आंघोळ घातली आणि तिच्यापाशी राहिली.

मी पुढे शिकवलं, पुष्कळ वाचलं. कबर खरोखर रिकामी होती का, असं विद्यार्थिनी विचारतात. विद्वान काय म्हणतात ते मी सांगते, दोन्ही बाजू सांगते, आणि मला जे वाटतं ते शेवटी सांगते. मला वाटतं म्हणून तुम्ही मानू नका, हेही सांगते.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. वर तुमच्या तोंडी जे शब्द घातले ते मला पाठ आहेत, त्यांत बदल झाला असेल तर थोडाच. पण आबा, तुमचा आवाज मला आता आठवत नाही.